घर कुणाच्या नावावर?



मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आमच्या कामात एक गोष्ट रोज करावी लागते. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लावायच्या आणि काय बदललं, काय तसंच राहिलं ते तपासायचं. आज मी तेच करणार आहे. एक कादंबरी आणि तीन चित्रपट शेजारी ठेवणार आहे. प्रश्न एकच: फाळणीनंतर जे इथे राहिले, ते का राहिले?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही, भाड्याच्या घरामुळे पडला. लग्नानंतर मी फ्लॅट शोधत होतो. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं ठरायचं. नाव सांगितलं की उत्तर यायचं, ‘मालकांना विचारून कळवतो.’ चार वेळा असं झाल्यावर मी पद्धत बदलली. फोन उचलला की आधी नाव सांगायचं, मग विचारायचं, दाखवणार का? निदान पेट्रोल तरी वाचायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी अब्बा गावाहून आले होते, तेव्हा आम्ही ‘गर्म हवा’ पाहिला. १९७३ साली एम. एस. सथ्यूंनी केलेला हा चित्रपट. मूळ कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. आग्र्याचे बूट कारखानदार सलीम मिर्झा झालेत बलराज साहनी. बँक त्यांना कर्ज देत नाही, कारण उद्या हा माणूस पाकिस्तानात निघून गेला तर? हवेली हातची जाते आणि ते भाड्याचं घर शोधत हिंडतात. एका ठिकाणी घर बघण्याआधीच ते सांगून टाकतात की मी मुसलमान आहे, तरी दाखवणार का? अब्बा माझ्याकडे बघून हसले. मला काही हसू आलं नाही.

हवेली का गेली, हे नीट बघण्यासारखं आहे. ती सलीमच्या नावावर नव्हती, मोठा भाऊ हलीमच्या नावावर होती. हलीम पुढारी. आपण इथून हलणार नाही, असं चारचौघांत सांगणारा हा माणूस एक दिवस गुपचूप पाकिस्तानात निघून जातो. सरकारच्या कागदावर हवेली ‘निघून गेलेल्याची मालमत्ता’ ठरते आणि सिंधमधून आलेल्या अजमानी नावाच्या व्यापाऱ्याला मिळते. अजमानी वाईट माणूस नाही. सलीमची म्हातारी आई शेवटच्या घटका मोजत असते, तेव्हा तिला हवेलीत आणायला तो खुशाल परवानगी देतो. घर सोडताना तीच आई लाकडांच्या खोलीत लपून बसली होती. तिला फाळणी समजत नव्हती, ती नवरी होऊन ज्या घरात आली ते घर समजत होतं.

दुसरी गोष्ट राही मासूम रझा यांच्या ‘आधा गाँव’ची. १९६६ची ही हिंदी कादंबरी गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीची. राहींचं ते स्वतःचंच गाव. अलीगढहून शिकलेली मुलं येतात आणि पाकिस्तान का हवा ते समजावतात. गावकऱ्यांच्या मनात साधे प्रश्न आहेत: शेताचं काय, मोहरमच्या ताजियांचं काय, इथल्या कबरींचं काय? त्याच गावातल्या फुन्नन मियाँचा मुलगा मुमताज १९४२च्या आंदोलनात कासिमाबादच्या पोलीस ठाण्यावर मारला गेलेला. पुढे सभेत हुतात्म्यांची नावं घेतली जातात, त्यात मुमताजचं नाव नसतं. फुन्नन मियाँ उभे राहून विचारतात, माझाही एक मुलगा मेला होता, त्याचं काय? मी बरेच दिवस हा प्रसंग देशभक्तीचा पुरावा म्हणून सांगायचो. पुन्हा वाचल्यावर वाटलं, तो माणूस पुरावा देतच नाही. तो बाप आहे आणि त्याला त्याच्या पोराचं नाव ऐकायचंय, एवढंच.

तिसरा ‘नसीम’, सईद मिर्झांचा, १९९५चा. काळ १९९२चा, जून ते डिसेंबर. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आजारी आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात. बाहेर वातावरण तापत जातं. वैतागलेला मुलगा त्यांना विचारतो, तुम्ही तेव्हा पाकिस्तानात का गेला नाहीत? आजोबा म्हणतात, आग्र्याच्या घरी एक झाड होतं, ते तुझ्या आईला फार आवडायचं. आजोबांचं काम केलंय कैफी आझमींनी. म्हणजे ज्यांनी सलीम मिर्झा लिहिला, तेच वीस-बावीस वर्षांनी आग्र्याची आठवण काढत पडद्यावर पडून आहेत. ६ डिसेंबरला आजोबा जातात.

आता या फाइली शेजारी ठेवा. हवेलीच्या जागी फ्लॅट आला, गावाच्या जागी मुंबई आली. पण राहण्याचं कारण कुठेच मोठं नाही. झाड, कबर, शेत, नवरी होऊन आलेलं घर. कुणी घटनेचं कलम सांगत नाही, कुणी आपल्या निष्ठेचं प्रमाणपत्र दाखवत नाही. आणि आपण काय करतो? ऑफिसात कुणी टोमणा मारला की लगेच अब्दुल हमीद आणि कलामसाहेबांची नावं घेतो. मीही घेतली आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण आपण इथे का आहोत, याचं उत्तर त्यांच्या नावाने द्यायची गरज नाही. माझं घर इथे आहे, एवढं उत्तर पुरेसं आहे. शेजाऱ्याला तेवढं पुरतं, तर मलाही पुरलं पाहिजे.

इथेच थांबलो असतो तर भाषण सोपं झालं असतं. पण चौथी फाइल उरली आहे. श्याम बेनेगल यांचा १९९४चा ‘मम्मो’, लेखक खालिद मोहम्मद. फरीदा जलालची मम्मो फाळणीच्या वेळी नवऱ्यासोबत लाहोरला गेलेली. नवरा वारल्यावर मालमत्तेच्या वादात सासरची माणसं तिला घराबाहेर काढतात. ती मुंबईला बहिणीकडे येते. व्हिसा संपतो आणि पोलीस तिला गाडीत बसवून परत पाठवतात. सीमेने तिला हाकललं हे खरं. पण आधी हाकललं ते घरच्यांनी, आपल्याच लोकांनी. मग मागे वळून ‘गर्म हवा’ बघा. जायचं की राहायचं हे पुरुष ठरवतात. आमिनाचं लग्न दोनदा मोडतं, ते त्यांच्याच जाण्या-येण्यामुळे, आणि जीव जातो तिचा.

‘मम्मो’ संपल्यावर अब्बा हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मला कारण माहीत होतं. दादा वारल्यावर गावचं घर भावांच्या नावावर करताना आम्ही फुफीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. शरीयतने दिलेला हिस्सा नाही, कायद्याने दिलेला नाही, काहीच नाही. वर ‘राजीखुशीने’ असा शब्द. तो कागद लॅपटॉपवर मी टाइप केला होता. फुफी विधवा आहे, मुलाकडे राहते आणि अजूनही त्या घराला ‘आमचं घर’ म्हणते.

गेल्या वर्षी आम्ही वकिलांना भेटलो. नोंदवलेला कागद सहज रद्द होत नाही म्हणाले. अब्बांनी आपल्या वाट्यातून तिला बक्षीसपत्र करून द्यायचं ठरवलंय. चुलते बोलायचे बंद झालेत. प्रकरण अजून मिटलेलं नाही.

‘गर्म हवा’च्या शेवटी सलीम मिर्झा स्टेशनकडे निघालेले असतात. रस्त्यात बेकारांचा मोर्चा लागतो. धाकटा सिकंदर त्यात सामील होतो. मग सलीमही टांग्यातून उतरतात, बेगमला घरी परत पाठवतात आणि गर्दीत मिसळतात. मुसलमान म्हणून नाही, काम मागणारा माणूस म्हणून. हा शेवट मला आजही आवडतो. फक्त आता एक प्रश्न मनात येतो. बेगम ज्या घरी परत गेली, ते कुणाच्या नावावर होतं?

आज घरी गेल्यावर तुम्हीही हा प्रश्न विचारा. पुण्यातल्या घरमालकाला मी तो रोज विचारतो. घरात विचारायला मला फार उशीर झाला.