पहिल्या पानावर मेलेला माणूस



 या रहस्यकथा संमेलनाला जमलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची वाचनाची गोडी भाड्याच्या पुस्तकांवर वाढली. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या, सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास ही सगळी मंडळी आपल्या घरी एका रात्रीच्या मुक्कामाला येत आणि सकाळी परत जात. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्यामुळे ज्यांना वाचायची सवय लागली, त्यांची मोजदाद कोणत्याही वाङ्मयेतिहासाने केलेली नाही. हा अन्याय आहे आणि तो मी या व्यासपीठावरून नोंदवते.

आज मात्र मला मागच्या पिढ्यांबद्दल फार बोलायचे नाही. अलीकडच्या वर्षांत आपण जे पाहिले आणि वाचले, त्याबद्दल बोलायचे आहे. त्यासाठी आधी एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती. बंगल्यात एका सकाळी मोलकरणीचे प्रेत सापडते आणि कथा सुरू होते. कथेचे कौतुक झाले. पुढे एका गावातल्या वाचनालयात माझे व्याख्यान होते. ते संपल्यावर तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी जवळ आल्या. त्यांनी कथा वाचली होती. त्यांनी एकच विचारले, "ताई, त्या बाईचं नाव काय हो?" मी नाव दिलेच नव्हते. तीस पानांच्या कथेत इन्स्पेक्टरच्या कुत्र्यालाही नाव होते, तिला नव्हते.

तेव्हापासून कोणतीही खुनाची गोष्ट समोर आली की मी खुनी नंतर शोधते. मेला तो कोण होता, हे आधी पाहते. त्या एका प्रश्नाने माझी आवडनिवड बरीच बदलली.

श्रीराम राघवन यांचा 2018 चा 'अंधाधुन' घ्या. आपल्या पुण्यात घडणारी गोष्ट. ओलिव्हिए त्रेनेर यांच्या 'लाकोर्दर' या जेमतेम चौदा मिनिटांच्या फ्रेंच लघुपटावरून सुचलेली. पियानो वाजवणारा आकाश आंधळा असल्याचे सोंग घेऊन एका फ्लॅटमध्ये वाजवत बसला आहे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर घरमालकाचे प्रेत जमिनीवर पडले आहे. दिसते आहे, पण दिसत नसल्यासारखे वाजवत राहायचे. हिंदी पडद्यावर इतका ताणलेला प्रसंग मी क्वचितच पाहिला. पण तो ताण कुठून येतो? मरणारा प्रमोद सिन्हा हा जुना नट आहे. ती भूमिका अनिल धवन यांनी केली आहे आणि दिग्दर्शकाने त्यांच्याच तरुणपणीची गाणी वापरली आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करावे म्हणून त्याने वादकाला घरी बोलावले आहे. आपल्या जुन्या गाण्यांत रमणारा हा भाबडा माणूस पाहता पाहता आपल्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून त्याचे जमिनीवरचे पाय पाहून पोटात गोळा येतो.

त्याच चित्रपटात शेजारच्या डिसाबाईंचाही बळी जातो. त्यांनी जे पाहिले ते पोलिसांना सांगितले, एवढाच त्यांचा अपराध. त्यांना गॅलरीतून ढकलले जाते आणि कथा पुढे धावते. त्यांच्यासाठी चित्रपट थांबत नाही. मला हा चित्रपट फार आवडतो, म्हणूनच ही उणीव बोचते.

'दृश्यम'चे उदाहरण याहून अवघड आहे. जीतू जोसेफ यांनी 2013 साली तो मल्याळममध्ये केला. हिंदी अवतार 2015 साली आपल्या निशिकांत कामत यांनी केला आणि गोष्ट गोव्यात आणली. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर, पणजीचा सत्संग, दोन ऑक्टोबर ही तारीख आता सगळ्यांना पाठ आहे. इथे खुनाला वाचा फुटू नये म्हणून आख्खे थिएटर देव पाण्यात घालून बसते. मेलेला मुलगा गुन्हेगार होता, विजयच्या कुटुंबाला त्याने छळले होते, हे खरे. तरीही शेवटी त्याचे आईबाप विजयसमोर येऊन उभे राहतात आणि आमचा मुलगा कुठे आहे एवढेच विचारतात, तेव्हा आपण ज्याच्या बाजूने होतो त्याच्या बाजूने राहणे कठीण होते. कामतांनी तो प्रसंग घाईने उरकला नाही. 'डोंबिवली फास्ट' करणारा हा दिग्दर्शक 2020 साली गेला. मराठी पडद्याला तो आणखी वीस वर्षे हवा होता.

'नाइव्ह्ज आउट' ही रायन जॉन्सन यांची मालिका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. 2019 च्या पहिल्या चित्रपटात रहस्यकथा लिहिणारा म्हातारा लेखक मरतो. घरचे वारशासाठी भांडतात, आणि त्याच्यासाठी मनापासून रडते ती परिचारिका मार्ता. खोटे बोलले की तिला उलटी होते. वरवर गंमत वाटावी अशी ही युक्ती सगळ्या कथेचा कणा झाली आहे. 2022 चा 'ग्लास अनियन' मला फक्त चकचकीत वाटला. 2025 च्या 'वेक अप डेड मॅन'मध्ये मात्र असा एक प्रसंग आहे, जो मी माझ्या प्रत्येक लेखक मित्राला दाखवला. तपासाची घाई चालू आहे, एका कंपनीत फोन करून माहिती काढायची आहे. फोनवरची अनोळखी बाई बोलता बोलता आपल्या आजारी आईबद्दल सांगते, आणि तरुण पाद्री तपास बाजूला ठेवून तिच्यासाठी प्रार्थना करतो. रहस्य तिथे जागच्या जागी थांबते, आणि चित्रपट मोठा होतो.

आपल्याकडच्या अलीकडच्या कामांत मला सर्वांत जवळची वाटली ती दोन. रीमा कागती यांच्या 2023 च्या 'दहाड' या मालिकेत राजस्थानातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत मुली मेलेल्या सापडतात. त्या पळून गेल्या असे समजून घरच्यांनी त्यांचा नाद सोडलेला. ज्यांच्या नावाने कुणी साधी तक्रारही दिली नाही, त्यांची यादी एक महिला फौजदार करत जाते. दुसरे काम म्हणजे 2025 चा मल्याळम चित्रपट 'रेखाचित्रम्'. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलीचे अवशेष सापडतात. नाव नाही, फोटो नाही, कुणी शोधतही नाही. 1985 सालच्या 'कातोडु कातोरम्' या खऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणापर्यंत धागा जातो. कुणी मारले याच्या आधी कुणाला मारले, हा तिथला मुख्य प्रश्न आहे. वाचनालयातल्या मावशींचाच प्रश्न.

मराठीत हा प्रश्न सर्वांत जळजळीत आहे तो मानवतच्या बाबतीत. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात 1972 ते 1974 या काळात, दुष्काळाच्या झळा चालू असताना, गुप्तधनाच्या हव्यासापोटी मुलींचे आणि बायकांचे बळी गेले. त्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' 1981 साली आला. त्याने हव्यास धरणाऱ्यांच्या मनात शिरून पाहिले. 2024 साली आशिष बेंडे यांची 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. ती रमाकांत कुलकर्णी या नामवंत तपास अधिकाऱ्याच्या आठवणींवर बेतलेली असल्यामुळे साहजिकच त्यांच्या नजरेने चालते. गावाची घुसमट, अफवा, एकमेकांवरचा संशय तिने चांगला उभा केला. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. तरी त्या मुलींच्या घरातून सुरू होणारी मानवतची गोष्ट मला हवी आहे. सकाळी सरपणाला गेलेली पोर संध्याकाळी परत आली नाही, इथून सुरू होणारी. ती आपल्यापैकीच कुणी लिहायला हवी.

आता कथेकडे वळते. एडगर ॲलन पो यांची जगातली पहिली मानली जाणारी रहस्यकथा 1841 सालची. तिच्यात पॅरिसमधल्या मायलेकींचा खून होतो. तपास करणारा द्युपँ सगळ्यांना आठवतो, त्या मायलेकी कुणाला आठवत नाहीत. हा दोष असा जन्मापासूनचा आहे. कथा लहान असते, जागा कमी असते, त्यामुळे लेखक आधी मेलेल्या माणसावरच काटकसर करतो. चेस्टरटनच्या फादर ब्राउनच्या एका कथेत सगळ्यांसमोरून गेलेला पोस्टमन कुणालाच दिसत नाही, कारण पोस्टमनकडे कुणी माणूस म्हणून पाहतच नाही. आपल्या कथांत तसा न दिसणारा माणूस बहुतेक वेळा प्रेत होऊन पडलेला असतो.

'नवल', 'धनंजय' अशा दिवाळी अंकांनी मराठी रहस्यकथा आणि गूढकथा जगवली, हे ऋण मोठे आहे. या दोन प्रकारांत आपण अनेकदा गल्लत करतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत मेलेला माणूस परत येऊ शकतो, आपले म्हणणे मांडू शकतो. रहस्यकथेत तो परत येत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावे लागते, आणि ते काम लेखकाचे.

अलीकडे माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कथांत फार्महाउस असते, सीसीटीव्ही असतो, मोबाइलचे टॉवर लोकेशन असते आणि शेवटच्या तीन पानांत खुनी स्वतःहून सगळे सांगून टाकतो. धक्का बसतो आणि पान उलटले की विसरतो. तरुण लेखकांना माझे सांगणे आहे की, एखादा मरणोत्तर पंचनामा कसा लिहितात ते नीट समजून घ्या. प्रेत कोणत्या स्थितीत होते, अंगावर काय कपडे होते, हाताला कोणते गोंदण होते, खिशात काय सापडले. एसटीचे तिकीट, औषधाची चिठ्ठी, कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला चिटोरा. पंचनाम्याची भाषा रुक्ष असते, पण त्या माणसाकडे इतके निरखून त्याच्या हयातीत कदाचित कुणी पाहिलेले नसते. तुमची कथा त्या खिशात आहे.

कायद्याचेही भान ठेवा. 1 जुलै 2024 पासून खुनाचे कलम 302 राहिलेले नाही, भारतीय न्याय संहितेत ते 103 झाले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे आणि ती व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. या संक्रमणाच्या काळात पोलीस ठाण्यांत जी धांदल उडेल, तिच्यात चांगल्या कथांचे बीज आहे. आजच्या काळातली कथा लिहिताना '302 लावा' असे वाक्य कुणाच्या तोंडी घालू नका. ज्या वाचकाला कायदा ठाऊक आहे, त्याचा तिथेच विश्वास उडतो.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची कथा या दिवाळीसाठी अर्धीमुर्धी लिहून झाली असेल. घरी गेल्यावर ती पुन्हा काढा. तिच्यात जो माणूस मरतो त्याला आईबापांनी कोणते नाव ठेवले होते, तो सकाळी काय खाऊन बाहेर पडला होता, संध्याकाळी त्याची वाट कोण पाहणार होते, हे आधी स्वतःसाठी लिहून काढा. मग खुनी कोण ते ठरवा.

माझ्या कथेतल्या त्या बाईचे नाव आता पार्वती आहे. संग्रहाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पहिल्या वाक्यात मी ते घातले.