महाडचीं पिंपें आणि जहाजांचा धूर



महाड हें कांहीं समुद्रकांठचें गांव नव्हे. तेथील एका निवृत्त शाळामास्तरानें जहाजांच्या बांधणीवर बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. परंतु बाणकोटापाशीं समुद्रास मिळणारी आमची सावित्री एके काळीं व्यापाराची वाट होती. भरतीच्या पाण्यावर गलबतें दासगांव बंदरास लागत, असें माझे आजोबा सांगत. आज तीं गलबतें नाहींत. बिरवाडीच्या बाजूस औद्योगिक वसाहत आहे, आणि तिच्या कारखान्यांतून रसायनांचीं पिंपें मालमोटारींनीं न्हावा-शेव्यास जातात. तेथून पुढें मात्र वाट पाण्याचीच.

माझा एक जुना विद्यार्थी त्या वसाहतींत लहानसा कारखाना चालवितो. गेल्या वर्षीं तो एक पत्र घेऊन आला. जर्मनींतील गिऱ्हाइकानें विचारलें होतें कीं, तुमचें पिंप आमच्या दारीं येईपर्यंत वाटेंत किती कर्बवायु हवेंत गेला? "गुरुजी, पिंपांत काय आहे तें मी तोळामाशानें सांगेन, पण जहाजाच्या धुराचा हिशेब माझ्याकडे कोठला?" त्याच्या या प्रश्नापायीं मीं जें वाचलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रश्न पोकळ नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघ आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या धुराबद्दल पैसे घेऊं लागला. परदेशाहून आलेल्या जहाजाचा वाटेंतील निम्मा धूर त्या हिशेबांत धरतात. तो खर्च अखेर भाड्यांत चढतो, आणि भाडें पिंपावर.

जहाजाची बाजूही ऐकली पाहिजे. जगाच्या व्यापारांतील शेंकडा ८० हून अधिक माल तें वाहतें, आणि मनुष्यानें सोडलेल्या कर्बवायूपैकीं त्याचा वांटा शेंकडा ३ च्या आसपास आहे. टनामागें पाहूं गेल्यास मालमोटारीहून तें पुष्कळच काटकसरी.

आतां थोडें गणित करूं. जहाजास लागणारी शक्ति साधारणपणें वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. तासीं २० सागरी मैलांऐवजीं १६ मैलांनीं चालविलें, तर शक्ति निम्म्यावर येते. प्रवासास सव्वापट वेळ लागतो हें खरें. तरी एका फेरीचें इंधन तृतीयांशाहून अधिक वांचतें. इतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं. पण येथें माझा विद्यार्थी हंसला. "गुरुजी, माल आठ दिवस उशिरा पोंचला तर बँकेचें व्याज कोण भरील?" त्याचें म्हणणें मला खोडतां आलें नाहीं. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें अनेक जहाजें आफ्रिकेला वळसा घालूं लागलीं, आणि गेलेले दिवस भरून काढण्यासाठीं वेग वाढवूं लागलीं.

मंद चालीचा जहाजाच्या नाकाशींही संबंध आहे. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढें पाण्याखालीं एक फुगीर गोळा असतो. नाळेनें उठविलेल्या लाटेच्या शिखराखालीं गोळ्याच्या लाटेची खळगी आली, कीं दोन्ही एकमेकींस जिरवितात व पाण्याचा विरोध घटतो. मात्र हा मेळ ठराविक वेगासच बसतो. जहाजें सावकाश चालूं लागतांच तोच गोळा ओझें झाला, आणि कित्येक चालत्या जहाजांचीं नाकें गोदींत कापून नवीं बसवावीं लागलीं. तळाचें शेवाळ खरवडणें, तळाखालीं हवेचे बुडबुडे सोडणें, हेही उपाय आहेत.

मला स्वतःला मोह पडला तो वाऱ्याचा. १९२४ सालीं आंतोन फ्लेटनर या जर्मन इंजिनियरानें 'बुकाऊ' जहाजावर शिडांच्या जागीं दोन उंच, फिरते दंडगोल उभारले. फिरकी दिलेला चेंडू हवेंत वळतो, त्याच न्यायानें ते जहाजास ओढीत. स्वस्त तेलापुढें ती युक्ति मागें पडली. २०२३ मध्यें 'पिक्सिस ओशन' हें जहाज ३७ मीटरांहून उंच अशीं दोन ताठ शिडें घेऊन चीनमधून ब्राझीलला गेलें. आजोबांचे तांडेल हें पाहून कांहीं चकित झाले नसते! अडचण इतकीच कीं, आमचीं पिंपें जातात त्या जहाजांच्या पाठीवर पेट्यांच्या उतरंडी असतात. तेथें शिडांस जागा कोठून?

राहिलें इंधन. २०२३ मध्यें 'लॉरा मार्स्क' हें मेथॅनॉलवरही चालणारें पेटीवाहू जहाज पाण्यावर आलें. पण तितक्याच शक्तीसाठीं मेथॅनॉलची टांकी तेलाच्या जवळजवळ अडीचपट लागते, आणि तें मेथॅनॉल दगडी कोळशापासून केलें तर सारा खटाटोप व्यर्थ. अमोनियांत कर्ब मुळींच नाहीं. परंतु तो विषारी. कारखान्याचा भोंगा अवेळीं वाजला कीं आमच्या वसाहतीशेजारचीं माणसें दारें-खिडक्या कां लावून घेतात, हें मीं पाहिलें आहे. भर समुद्रांत खलाशानें कोठें पळावें? याचें उत्तर बांधणाऱ्यानें आधीं द्यावें.

आपल्याकडे माझगांव गोदीनें डेन्मार्कच्या एका कंपनीसाठीं संकरित शक्तीचीं, साडेसात हजार टन भाराचीं मालवाहू जहाजें बांधण्याचें काम घेतलें आहे. उलटपक्षीं, सर्व राष्ट्रांच्या जहाजांना एकच दंडक लावण्याचा ठराव ऑक्टोबर २०२५ मध्यें लंडनच्या बैठकींत वर्षभर पुढें ढकलला गेला.

२२ जुलै २०२१ च्या रात्रीं महाडांत पाणी शिरलें, तेव्हां माझीं पुस्तकें गेलीं. त्याच दिवशीं तळियें गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या एका पावसाचा दोष कोणा एका धुराड्यावर ठेवणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते, हें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों.

जर्मनीचें उत्तर आम्हीं दोघांनीं मिळून लिहिलें. मालमोटारीचा आंकडा आम्हीं काढला. जहाजाचा आंकडा त्याच्या कंपनीकडे मागितला आहे, तो अद्याप यावयाचा आहे.