गणपतीला गावी, गाडी विजेची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नारळीपौर्णिमा झाली की मुंबई, ठाणे, पनवेलकडच्या कोकणी घरांत एकच विषय असतो. गावाला कधी निघायचं आणि कसं निघायचं? रेल्वेचं आरक्षण खिडकी उघडल्या उघडल्या संपलेलं असतं. एस.टी.च्या जादा गाड्यांची यादी वाडीवाडीच्या मंडळांत फिरत असते. ज्यांची स्वतःची मोटार आहे, ते पुढे गेलेल्यांना फोन करून खड्ड्यांची आणि कोंडीची चौकशी करतात. गेल्या काही वर्षांत या चौकशीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, ती म्हणजे ‘वाटेत चार्जिंग कुठे मिळेल?’

विजेची गाडी शहरात फार सोयीची आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. रात्री प्लगला लावावी, सकाळी भरलेली मिळते. पेट्रोल पंपावर जाणं नाही, धूर नाही, आवाज नाही. अडचण येते ती वर्षातून चार-सहा दिवस. पण ते दिवस नेमके आपल्याला सगळ्यात महत्त्वाचे असतात.

२०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी पहाटे तीनला आम्ही पनवेलहून निघालो. मी, सौभाग्यवती आणि माझी आई. गाव लांजा तालुक्यात. गाडी पूर्ण भरलेली होती. चाळीस युनिटची बॅटरी. हिशेब असा होता की चिपळूणला एक तास गाडी लावायची, तेवढ्यात जेवण उरकायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत घरी पोचायचं. आमच्याकडे चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणतात. वडील होते तोवर ते आणायचे. ते गेल्यापासून ते काम माझं आहे.

कोंडीतून वाट काढत चिपळूणला पोचायला दुपारचे बारा वाजले. तिथे दोन गन होत्या आणि पुढे सात गाड्या उभ्या होत्या. बॅटरीत तीस टक्के शिल्लक होती. मोबाइलवर पाहिलं तर संगमेश्वरच्या पुढे एक चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होता, हिरव्या खुणेसकट. आम्ही निघालो. तिथे पोचलो तेव्हा बारा टक्के उरले होते आणि चार्जर बंद होता. शेजारच्या माणसानं सांगितलं, ‘तो चार दिवस झाले बंदच आहे.’ तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी पंक्चर काढणाऱ्या एका गृहस्थानं त्याच्या दुकानातला कॉम्प्रेसरचा प्लग आम्हाला दिला. चार तासांत बारा युनिट मिळाली. आईला त्यानं आत खाट टाकून दिली. पैसे घेताना तो संकोचत होता. रात्री साडेदहाला आम्ही घरी पोचलो. मूर्ती धाकट्या भावानं आणली होती, मखरात ठेवलेली होती. कुणी काही बोललं नाही. पण यायला हवं होतं तेव्हा मी रस्त्यात होतो, हे मला विसरता आलेलं नाही.

आता या प्रसंगात दोष कुणाचा? बंद चार्जर हिरवा दाखवणाऱ्याचा आहेच. पण चिपळूणच्या दोन्ही गन चालू होत्या. तरी रांग होती. तिचं कारण साध्या गणितात आहे.

पेट्रोल पंपावर एका मोटारीला पाच मिनिटं लागतात असं धरा. एका नळीवर तासाला बारा गाड्या होतात आणि प्रत्येक गाडी पुढे पाचशे किलोमीटर जाऊ शकते. आता विजेचं पाहा. चाळीस युनिटची बॅटरी दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची तर अठ्ठावीस युनिट लागतात. तीस किलोवॅटच्या गनला त्याला जवळजवळ एक तास लागतो. आणि तेवढ्या विजेवर गाडी जाते सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे एका पेट्रोलच्या नळीएवढं काम करायला अशा तीस गन हव्यात. खांबावर साठ किलोवॅट लिहिलेलं असलं तरी पुष्कळ ठिकाणी दोन्ही गनना गाड्या लागल्या की तीच शक्ती दोघींत वाटली जाते, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग एरवी हे गणित का जाणवत नाही? कारण बहुतेक गाड्या घरीच भरतात. हमरस्त्यावरचे चार्जर जुलैच्या एखाद्या मंगळवारी दिवसदिवस रिकामे असतात. चार्जर बसवणाऱ्याला जागेचं भाडं आणि विजेचा स्थिर आकार मात्र बाराही महिने भरावा लागतो. तो दोन गन बसवतो, दहा बसवत नाही. त्याचंही चुकत नाही. आणि मग सणाच्या दोन दिवसांत सगळे एकाच वेळी, एकाच दिशेला निघतात.

सरकारी धोरणात अंतराचा विचार झालेला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र असावं असं म्हटलं होतं. सप्टेंबर २०२४च्या सूचनांत हे अंतर २० किलोमीटरवर आलं. महाराष्ट्राच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. हे सगळं आवश्यकच आहे. पण मैलाच्या दगडाप्रमाणे एकेक चार्जर उभा केला, तर गाडी बंद पडण्याची भीती जाते, रांग जात नाही. अंतराइतकाच गर्दीच्या दिवसाचाही हिशेब मांडायला हवा.

हा अनुभव एकट्या कोकणाचा नाही. चीनमध्ये ऑक्टोबर २०२१च्या राष्ट्रीय सुट्टीत हुनान प्रांतातल्या महामार्गावर लोक चार्जिंगसाठी चार-चार तास थांबले होते. त्या सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत तिथल्या महामार्गांवरच्या चार्जरमधून रोज नेहमीच्या जवळजवळ चौपट वीज गेली. जगात सर्वांत जास्त चार्जर ज्या देशात आहेत, त्याची ही गोष्ट. अमेरिकेत २०१९च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॅलिफोर्नियात टेस्लाच्या गाड्यांच्या अशाच रांगा लागल्या. त्या वेळी त्या कंपनीनं ट्रेलरवर मोठी बॅटरी ठेवून तात्पुरता चार्जर रस्त्यावर आणला होता.

हा उपाय मला विचार करण्यासारखा वाटतो. आपल्याला तो नवाही नाही. गणपतीला एस.टी. काय करते? बारा महिने लागणार नाहीत एवढ्या गाड्या ती कोकणात ठेवत नाही. इतर विभागांतून जादा गाड्या आणते आणि सण संपला की परत पाठवते. रेल्वे स्पेशल सोडते. अवजड वाहनांना ठरावीक दिवस महामार्गावर बंदी असते. वाटेत पोलिसांची मदत केंद्रं उभी राहतात. मग चार्जिंगची जादा सोय का असू नये? माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली अशा चार-पाच ठिकाणी फक्त सणापुरते फिरते चार्जर आणून ठेवता येतील. आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ हा एकच प्लग चालतो. त्यामुळे असा चार्जर कोणत्याही कंपनीच्या गाडीला उपयोगी पडेल. चार्जिंगसाठी केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत दोन हजार कोटी रुपये ठेवले गेले आहेत. त्यातला लहानसा वाटा अशा सोयीकडे वळवावा, असं सुचवावंसं वाटतं.

याहून स्वस्त उपायही आहेत. सणाच्या आधी आठ दिवस प्रत्येक चार्जर तपासावा आणि त्या आठवड्यात दुरुस्तीचा माणूस सुटे भाग घेऊन चिपळूणसारख्या ठिकाणी मुक्कामाला असावा. बंद चार्जर मोबाइलवर बंदच दिसावा. रांग लावायला एक माणूस असावा, म्हणजे भांडणं होणार नाहीत. चार्जरजवळ दिवा, छप्पर आणि स्वच्छतागृह असावं. आडबाजूच्या अंधाऱ्या जागेत भर पावसात तासभर थांबणं लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणि एकट्यानं गाडी चालवणाऱ्या बाईला किती अवघड जातं, ते थांबल्यावरच कळतं.

महामार्गावरच्या खाणावळवाल्यांना आणि लॉजवाल्यांनाही एक सांगायचं आहे. गाड्या चार्ज करून देण्यासाठी वीजविक्रीचा वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे. रात्रीच्या मुक्कामाला महागडा जलद चार्जर लागत नाही. नीट अर्थिंग केलेले दोन-चार साधे प्लग असले तरी गाडी सकाळपर्यंत भरते. ज्याच्याकडे प्लग आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबेल.

आता आपण, गाडीवाल्यांनी काय करायचं?

पहिली गोष्ट, ऐंशी टक्के झाले की गन काढायची. त्यापुढे बॅटरी वीज सावकाश घेते. कित्येक गाड्यांत शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांएवढाच वेळ लागतो. मागे रांग असताना शंभर टक्क्यांचा हट्ट धरणं म्हणजे दुसऱ्याचा तास खाणं. गाडी लावून जेवायला जायचं असेल, तर गाडीच्या काचेवर आपला फोन नंबर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट, तीस टक्क्यांची वाट पाहू नये. मी ती चूक केली. महाडला गन रिकामी दिसली आणि बॅटरी निम्मी असली, तरी वीस मिनिटं लावून घ्यावी. पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्याच्या पुढच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, एवढी शिल्लक नेहमी राखावी.

तिसरी गोष्ट, कोंडीला फार घाबरू नये. विजेची गाडी उभी असताना इंजिन जळत नाही. एसी चालू ठेवला तरी तासाला एक-दीड युनिट जातं. जास्त वीज खातो तो वेग. ताशी शंभरऐवजी सत्तर-ऐंशीनं गेलं तर तीच बॅटरी बरीच लांब नेते, आणि आपल्या रस्त्यावर तेच बरंही आहे.

आणि शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोकणातलं सगळ्यात मोठं चार्जिंग केंद्र म्हणजे आपलं गावचं घर. आपण तिथे पाच-सात दिवस राहतो. पंधरा अँपिअरचा एक चांगला प्लग असला तर एका रात्रीत, फार तर दोन रात्रींत गाडी भरते. परतीच्या प्रवासाची अर्धी चिंता तिथेच मिटते. पण जुन्या घराची वायर पातळ असते आणि अर्थिंग बहुधा नसतंच. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवतो आणि वीज घेत नाही. पातळ वायर दहा-दहा तास तापली तर आगीची भीती असते. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा खणणं ऐन पावसात, सणाच्या धावपळीत जमत नाही. ते मे महिन्यात गावी गेल्यावर करून घ्यावं. जाणत्या वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी बसवून घ्यावा. मंजूर भार कमी असेल तर तो अर्ज करून वाढवून घ्यावा.

आम्ही विसर्जनानंतर पहिलं काम हेच केलं. पडवीत प्लग बसवला. भावानं वाडीत सांगून ठेवलं आहे की गणपतीला कुणाचे पाहुणे विजेची गाडी घेऊन आले आणि अडले, तर रात्री आमच्याकडे लावावी, युनिटचे पैसे द्यावेत. संगमेश्वरच्या त्या पंक्चरवाल्यानं आम्हाला जे दिलं, ते पुढे चालू ठेवण्याचा आम्हाला सुचलेला हा एक मार्ग. वाडीवाडीत असा एकेक प्लग झाला तर परतीच्या रांगा पुष्कळ कमी होतील.

जाण्याच्या वाटेवरची रांग मात्र तुमच्या-माझ्या प्लगनं कमी होणार नाही. तिच्यासाठी जादा गाड्यांसारखी जादा व्यवस्थाच लागेल, आणि ती सण तोंडावर आल्यावर उभी राहत नाही. तिची आखणी उन्हाळ्यातच व्हायला हवी.