काकींनी ऐकलेला आवाज

(चालक महिला आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

इंजिनाविषयी मी बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. हसण्यासारखंच आहे. मी एमएसडब्ल्यू झालेली, समुपदेशन करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी मला बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. आज टायमिंग चेन कशी बदलतात ते सांगणार आहे. पण आधी एका चुकीची कबुली.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सल्ला केंद्र आहे. केंद्राची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. रात्री-अपरात्री फोन येतो, मार खाल्लेल्या बाईला दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कधी माहेरी पोचवायचं असतं. गाडी काकी चालवतात. वय पन्नाशीला आलेलं, शिक्षण सातवी. नवऱ्याने टाकल्यावर गाडी शिकल्या, लायसन काढलं.

एकदा काकी म्हणाल्या, "ताई, सकाळी गाडी चालू केली की पुढनं खुळखुळ आवाज येतोय. जरा वेळानं थांबतोय. पण आधी नव्हता." मी म्हटलं, "बघू." महिन्याने त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हा मी आमच्या एका विश्वस्तांना फोन केला. ते म्हणाले, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." तेच मी काकींना ऐकवलं. प्रत्येक प्रशिक्षणात मी फळ्यावर लिहिते की बाईचा अनुभव हेही ज्ञान आहे. आणि रोज त्या इंजिनामागे बसणाऱ्या बाईच्या कानावर माझा विश्वास बसला नाही. त्या गाडीचं चाक कधी हातात न धरलेल्या माणसावर मात्र बसला.

पुढे पावसाळ्यात एका रात्री, एक बाई आणि तिची दोन लेकरं मागे बसलेली असताना, इंजिनाचा दिवा लागला, गाडी हिसके देत बंद पडली. काही केल्या चालू होईना. नवरा मोटारसायकलवरून शोधत येईल या धास्तीने दिवे मालवून आम्ही रस्त्याकडेला बसलो. पहाटे दुधाचा टेम्पो आला, त्याने आम्हाला गावात आणलं. काकी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

पहिल्या गॅरेजमध्ये प्रश्न आला, "कुणी साहेब नाहीत का?" मग, "पूर्ण इंजिन उतरवावं लागेल, साठ हजार धरून चाला." लेखी काही नाही. बचत गटातल्या एकीने तिच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकींना विचारलं, "आवाज गार इंजिनाला यायचा का?" काकी हो म्हणाल्या. "मग आधी टायमिंग चेन बघू."

दोन दिवस आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. जे समजलं ते असं.

पिस्टन खाली-वर होतात, त्यावर क्रँक फिरतो. हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कॅम उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा. हा मेळ टायमिंग चेन राखते. सगळ्या गाड्यांना चेन नसते. जुन्या मारुती 800 ला रबरी पट्टा होता, मारुतीच्या के-सीरिज इंजिनांना चेन आहे. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलतात. चेन ऑइलमध्ये फिरते, पुष्कळ टिकते, पण ऑइल वेळेवर बदललं तरच. झिजलेली चेन लांबते, सायकलच्या साखळीसारखी सैल पडते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी दाब चढेपर्यंत चेन खुळखुळते. काकींनी ऐकला तो आवाज हाच. चेन दात सोडून फार सरकली, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कितीतरी पट होतो. आमची थोडीच सरकली होती. व्हॉल्व्ह वाचले.

मिस्त्रींनी बॅटरीची तार काढली, ऑइल सोडलं, बाहेरचा पट्टा आणि क्रँकची पुली काढली. वरचं टॅपेट कव्हर, खालचा ऑइल चेंबर, मग टायमिंग कव्हर उतरवलं. आत चेन सैल लोंबत होती, प्लॅस्टिकच्या गाइडवर खोल चर पडले होते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून त्यांनी खुणा जुळवल्या. नुसती चेन न घालता गाइड, टेन्शनर आणि दात झिजलेली चक्रंही बदलली. नव्या चेनच्या काही कड्या रंगीत असतात, त्या चक्रांवरच्या खुणांसमोर बसवायच्या. त्यानंतर स्टार्टर मारायचा नाही. पान्याने क्रँक हातानेच दोन फेरे फिरवायचा आणि चक्रांवरच्या खुणा पुन्हा जागेवर आल्या का ते बघायचं. रंगीत कड्या तेव्हा जुळणार नाहीत, त्याने घाबरायचं नाही. हे दोन फेरे मिस्त्रींनी काकींच्या हातून करून घेतले. कुठे अडलं तर जोर लावू नका, म्हणाले.

नवं सीलिंग, नवं ऑइल, नवा फिल्टर. सामान आणि मजुरी मिळून बिल चौदा हजारांच्या आत आलं.

घरी येऊन मी हिशेबाची फाइल काढली. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पेट्रोलला रकाना होता, ऑइल बदलायला नव्हता. म्हणून आम्ही दोनदा ते पुढे ढकललं होतं. तेव्हा हे दुखणं काही अंशी आमच्या कागदावरूनच आलं होतं.

मैत्रिणींनो, चेन तुम्ही स्वतः बदला असं मी म्हणत नाही. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मुलींना तिथे पाठवा. बाकीच्यांनी एवढं तरी करावं: कामाआधी सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. काढलेले जुने भाग परत मागा, हातात घेऊन बघा. हाताने दोन फेरे फिरवून पाहिले का, हे विचारा. आणि अंदाजपत्रकात ऑइलचा रकाना घाला.

आमच्याकडे आता गाडीची वही आहे. कधी ऑइल बदललं, कधी कसला आवाज आला, ते काकी मोठ्या अक्षरात लिहितात. गाडी आज रस्त्यावर काढायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. विश्वस्तांना आणि मलाही तो निर्णय फिरवता येत नाही, तसा ठरावच आम्ही केला आहे. गेल्या महिन्यात काकींनी लिहिलं, "डाव्या चाकातून आवाज. आज गाडी नाही." त्या दिवशी मी एसटीने गेले.