आज्ञेचे घर



संगणकाला आपली भाषा कळत नाही, हे आता सर्वांस ठाऊक आहे. मला निराळी अडचण सांगावयाची आहे: लिहिलेल्या आज्ञेला स्वतःचे घर ठाऊक नसते.

केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर 6 मे 1949 रोजी पहिली आज्ञावली चालली व वर्गसंख्यांचे कोष्टक छापले गेले. आरंभी यंत्राची स्मृती कोरी. मग छिद्रांची कागदी फीत वाच, असे त्याला सांगणार कोण? डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने केवळ 31 आज्ञा रचल्या. पूर्वी टेलिफोन केंद्रात असत तशा फिरत्या स्विचांवर त्या तारांनी कायमच्या जोडलेल्या होत्या. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि फीत वाचू लागत. फितीवरील ‘ए’ म्हणजे मिळव, ‘एस’ म्हणजे वजा कर. पुढील दशमान आकडा द्विमान करून आज्ञा जागेवर बसवावयाची. असेंबलर आणि लोडर, दोघांचीही कामे एवढ्यात उरकत.

खरी मेख पुढेच होती. एकाने लिहिलेला तुकडा दुसऱ्यास वापरता यावा, म्हणून तेथे फितींचा संग्रह होऊ लागला. परंतु शून्यापासून घरे मोजून लिहिलेला तुकडा दोनशेव्या घरापासून बसविला, तर ‘पाचव्या घरातील आकडा घे’ ही आज्ञा भलत्याच दारी जाते. आकडा मिळतो, यंत्र कुरकुरतही नाही! माझ्या उमेदवारीत एका पत्त्यात एकाची चूक होऊन पगारपत्रकातील शेजारचा रकाना बेरजेत गेला. चार दिवस कोणाच्या ध्यानातही आले नाही. पाचव्या दिवशी आले, ते शिपायाच्या!

व्हीलरने त्याच वर्षी सुधारित आज्ञा रचल्या. आता आज्ञेअखेर ‘थीटा’ असेल तर आकड्यात तुकड्याचे आरंभस्थान मिळवावयाचे, म्हणजे पाचाचे दोनशे पाच. ‘एफ’ असेल तर आकडा तसाच ठेवावयाचा. एका अक्षराने तुकडा बदलीच्या गावी राहू लागला. बदल्यांमुळेच येथे आलेल्या आपणां सभासदांस याचे मोल अधिक सांगावयास नको.

पुढे ग्रेस हॉपर यांनी 1952 मध्ये ए-शून्य ही प्रणाली केली. तिला त्यांनी कंपायलर म्हटले. काम मात्र पुष्कळसे आजच्या लिंकरचे, संग्रहातील तुकडे शोधून सांधण्याचे.

आता आपण घरांचे आकडे लिहीत नाही, नावे लिहितो. असेंबलर नावांची यादी सोबत देतो, लिंकर ती जुळवितो, आणि एखादे नाव कोठेच न सापडल्यास आज्ञावली सिद्ध करण्याचेच नाकारतो. नवशिके यावर चिडतात. मला तो नकार फार प्रिय आहे. गंमत अशी की 2005 सालापासून लिनक्समध्ये घरे मुद्दामच दर वेळी बदलून दिली जातात, परक्या घुसखोरास पत्ता आधी कळू नये म्हणून.