पाळीआधीचे ते पाच दिवस

वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी आईला घेऊन माझ्याकडे आली होती. आई म्हणाली, "डॉक्टर, हिला मधूनच काय होतं कळत नाही. क्षुल्लक कारणावरून चिडते, रडते, पुस्तक उघडत नाही. परवा तर मैत्रिणीशी कडाक्याचं भांडली." मी मुलीला विचारलं, "त्यानंतर पाळी कधी आली?" ती म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी." आणि मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

पाळीच्या आधी पोट फुगणं, स्तन दुखणं, डोकं जड होणं, झोप बिघडणं, मन उदास होणं, आणि पाळी सुरू झाली की काही दिवसांत हे सारं ओसरणं, याला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' म्हणतात. हे नखरे नव्हेत. १९३१ साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी या त्रासाचं वर्णन केलं होतं. यात संप्रेरकांचं प्रमाण बहुधा इतर स्त्रियांसारखंच असतं; मात्र त्यांच्या चढउतारांना काहीजणींचा मेंदू अधिक संवेदनशील असतो. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत हा त्रास दिसत नाही.

महिन्याचे पाच दिवस म्हटलं तर थोडेच वाटतात. पण वर्षाचे साठ होतात, म्हणजे दोन महिने! बुडालेले तास, तुटलेली मैत्री, आणि 'मीच वाईट आहे' ही मनात बसलेली समजूत, हे सगळं त्यातच येतं.

मग करायचं काय? एक साधी वही घ्या. सलग दोन पाळ्यांपर्यंत रोज रात्री त्रास लिहा: नाही, थोडा, बराच की फार. त्रास महिनाभर असेल, तर नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय अशी वेगळी कारणं शोधावी लागतात. पाळीआधीच असेल, तर नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी अनेकींना आराम पडतो. काहींना कॅल्शियमही उपयोगी पडतं. थोड्याजणींचा त्रास मात्र इतका तीव्र असतो, की जगणं नकोसं वाटतं. अशा वेळी पाळीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा. यावर औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

आणि घरच्यांनो, "पाळी जवळ आली वाटतं!" हा टोमणा तेवढा बंद करा.

दोन महिन्यांनी ती मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, त्रास पूर्ण गेलेला नाही. पण तो कधी येतो आणि कधी जातो, हे आता मला ठाऊक आहे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)