नावांची साखळी आणि चहाची वडी

चीनच्या युनान प्रांताच्या दक्षिणेकडील डोंगरांत, तसेच ब्रह्मदेश, लाओस आणि उत्तर थायलंड येथील पर्वतराजीत आखा नावाची जमात राहते. या लोकांना पूर्वापार लिपी नाही. परंतु वंशावळ मात्र मुखोद्गत असते. पित्याच्या नावाचे अखेरचे अक्षर तेच पुत्राच्या नावाचे आद्याक्षर, अशी ही साखळी गुंफलेली असते. जाणते पुरुष पन्नासांहून अधिक पिढ्यांची नावे न अडखळता म्हणून दाखवितात. ज्यांच्यापाशी पोथी नाही, त्यांनी आपला इतिहास असा जिभेवर जतन केला आहे.

परंतु श्रोतेहो, जिला पित्याचे नावच नाही, अशा मुलीने या साखळीत कोठे उभे राहावे? लिसा सी या अमेरिकन लेखिकेची 'द टी गर्ल ऑफ हमिंगबर्ड लेन' ही २०१७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते.

कथेचा आरंभ १९८८ साली, नान्नुओ पर्वतावर होतो. नायिका ली-यान ही चहा खुडणाऱ्या आखा कुटुंबातील कन्या. तिची आई गावची सुईण. जुळी अर्भके अशुभ मानून त्यांचा प्राण घेण्याची रूढी या कोवळ्या मुलीला प्रत्यक्ष पाहावी लागते. पुढे तिलाच विवाहापूर्वी कन्या होते. पित्यावाचून जन्मलेल्या बालकालाही रूढी जगू देत नाही. जिने जन्मभर ती रूढी पाळली, ती सुईण आईच या वेळी ती मोडते. ली-यान तान्हुलीला घेऊन डोंगर उतरते आणि दूरच्या गावी एका खोक्यात तिला ठेवून परत फिरते. दुपट्यात ती ठेवते दाबून केलेल्या चहाची एक वाटोळी वडी.

ती मुलगी अनाथालयातून कॅलिफोर्नियात दत्तक जाते आणि हेली या नावाने वाढते. प्रेमळ घर, उत्तम शिक्षण, सर्व काही तिला लाभते. आरशातील चेहरा मात्र घरातील कोणाशीही जुळत नाही. तिच्या जन्माची खूण सांगणारी वस्तू एकच, ती चहाची वडी. इकडे ली-यानला आपल्या आईकडून डोंगरातील पुरातन चहावृक्षांची एक गुप्त राई मिळालेली असते. हा वारसा मातेकडून कन्येकडे जाणारा आहे. पुरुषांच्या मुखी नावांची साखळी, तर स्त्रियांच्या हाती ही राई! लेखिकेने या दोन वारशांना समोरासमोर उभे केले आहे, आणि तेथेच या कादंबरीचे खरे मर्म आहे.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. काही योगायोग फारच सोयीचे वाटतात. शिवाय लेखिका स्वतः आखा नाही. क्रूर रूढींचे चित्र गडद झाल्याने अजाण वाचक संपूर्ण जमातीस निष्ठुर समजण्याचा संभव आहे. चीनच्या सरकारी यादीत तर आखांना स्वतंत्र स्थानही नाही. त्यांची गणना हानी या गटात होते. अशा समाजाविषयी लिहिताना लेखणी जपूनच चालवावी लागते. तरीही ज्या समाजाने ली-यानला दुखविले, त्याच्याशी असलेले नाते ती तोडीत नाही, हे लेखिकेने समजुतीने रंगविले आहे.

ही केवळ कल्पित कथा म्हणून बाजूस ठेवता येत नाही. १९९२ पासून चीनमधील दीड लाखांहून अधिक मुले परदेशी दत्तक गेली. त्यांत मुलीच बहुसंख्य होत्या. २०२४ साली चीनने ही प्रथा, नातलगांचा अपवाद वगळता, बंद केली. त्या मुली आता प्रौढ झाल्या आहेत, आणि कित्येकजणी जन्मदात्रीचा शोध घेत आहेत. हेलीपाशी निदान चहाची वडी होती. अनेकींपाशी तेवढीही खूण नाही.